वारसाविचार, असाध्य आजारातील वृद्धांचा (खानदेश)

असाध्य आजार जडलेल्या वृद्धाने आपल्यामागे काय उरावे व ते कोणाच्या हाती जावे, याविषयी केलेला विचार आणि त्यानुसार केलेली निरवानिरव.

संकल्पनेच्या मूळाविषयी एकमत नाही. मनोविश्लेषक एरिक एरिक्सनच्या जीवनावस्थांच्या सिद्धांतात (१९५०) पुढील पिढीची जोपासना ही मुख्यतः मध्यवयाची प्रेरणा ठरते. वार्धक्यात आयुष्याचा समाधानाने स्वीकार की वैफल्य, एवढाच प्रश्न उरतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलरने १९६३ मध्ये गतायुष्याची उजळणी ही मृत्यू जवळ आल्याच्या जाणिवेतून होणारी स्वाभाविक क्रिया मानली. त्याआधी म्हाताऱ्यांचे जुने उगाळणे बहुधा बुद्धी ढासळल्याचे लक्षण समजले जाई. प्रस्तुत विषयाला बटलरचे विवेचन अधिक जवळचे वाटते. कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्हच्या, मृत्यू जवळ आलेल्या रुग्णांसाठीच्या उपचारपद्धतीत (२००५) तर रुग्णाचे कथन ध्वनिमुद्रित व संपादित करून त्याची प्रत त्याच्या स्वाधीन केली जाते. ती तो घरच्यांना देऊ शकतो.

खानदेशात विधींचा वारसा तोंडी चालतो. श्रावणातील कानबाई या देवीच्या रोटांसाठी (नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी) कोणाच्या नावे किती मूठ धान्य घ्यायचे, रोट कोणत्या भाऊबंदांपर्यंत पोचवायचे, हे घरातील थोरल्या बाईला मुखोद्गत असते. ती अंथरुणाला खिळली की सुनांना ते विचारून घ्यावे लागते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांच्या नावे घागर भरतात. ती पुढे कोण भरणार, हा प्रश्न मुलगा नसलेल्या घरांत विशेष जाणवतो.

शेतीच्या बाबतीत हयातीतच वाटणी करावी की मृत्युपत्र, हा खरा पेच. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे. आजारामुळे आपण काय करतो हे कळण्याची शुद्ध नसताना केलेले मृत्युपत्र मात्र टिकत नाही (कलम ५९). म्हणून डॉक्टरचा दाखला सक्तीचा नसला तरी जोडलेला बरा. वेदनाशामक औषधांची गुंगी असल्यास तर अधिकच. मृत्युपत्राने स्वकष्टार्जित मालमत्ता देता येते, वडिलार्जित एकत्र मालमत्तेतील केवळ स्वतःचा हिस्सा. त्या एकत्र मालमत्तेत मुलीला हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच हक्क आहे; ‘तिचे लग्नात दिले’ या बोलीने तो जात नाही.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा इ. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार अधिनियम केंद्र शासनाच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नाही. तेथे वारसाहक्कासाठी जमातीची रूढी पाहावी लागते.