माल तोच, सांधा तोच, औषधही तेच

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत हातशिलाईची कोल्हापुरी घेताना ती उलटी करून बघा. खिळा सापडत नाही, चामडं चामड्याच्याच वादीनं शिवलेलं असतं. रेणूंच्या जगात असं बिनखिळ्याचं बांधकाम आरएनएचं चालतं.

कोविडच्या लशींमुळे आरएनए म्हणजे पेशीला निरोप देणारा, एवढं घरोघरी कळलं. मला त्याच्या निरोपापेक्षा त्याचा आकार जास्त भुरळ घालतो. त्याचा धागा एकेरी, त्यावर ए, यू, जी, सी या चार रासायनिक अक्षरांची माळ. ए यूशी जुळतो, जी सीशी, आणि वेळ पडली तर जी यूशीही जमवून घेतो. त्यामुळे धागा स्वतःवरच दुमडतो, त्याला फासे पडतात, आणि एका रेणूचा फास दुसऱ्याच्या फासात अडकतो.

ही कारागिरी आधी विषाणूंची. जिवाणूंना ग्रासणारा फाय-२९ विषाणू आपल्या कवचात डीएनए ठासून भरतो, आणि त्या यंत्रात आरएनएचा एक छोटा तुकडा लागतो, हे संशोधक पेइश्वान ग्वो आणि सहकाऱ्यांना १९८७ मध्ये दिसलं. पुढे १९९८ मध्ये हे तुकडे एकमेकांत गुंतून मोठी रचना करतात हेही कळलं. त्याच तुकड्यातला तीन फाट्यांचा सांधा २०११ मध्ये वेगळा काढला गेला. तीन आखूड धागे नळीत एकत्र केले की तो आपोआप जुळतो, आणि एरवी आरएनएच्या घड्या मोडणाऱ्या तीव्र युरियातही टिकतो!

आता एका फाट्याला कर्करोगाची पेशी ओळखणारा आरएनए लावा, दुसऱ्याला नको असलेलं जनुक गप्प करणारा, तिसऱ्याला चमकणारा रंग. रंग सोडला तर सगळा माल एकच. आकारही हवा तसा ठरवता येतो, आणि ते महत्त्वाचं, कारण साधारण १० नॅनोमीटरच्या आतलं काहीही मूत्रपिंड झटकन गाळून टाकतं.

अडचण टिकण्याची. आरएनए कापणारी विकरं आपल्या बोटांवरसुद्धा असतात. शिवाजी विद्यापीठातल्या बायोटेकच्या पोरांना विचारा, मोबाईलला हात लागला तरी ग्लोव्हज बदलायला लावतात. रक्तात तर ही विकरं मुबलक. त्यावर उतारा म्हणजे धाग्यातल्या साखरेवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथं फ्लोरिन बसवायचा, की विकराला पकड मिळत नाही.

जनुक गप्प करणारं पहिलं आरएनए औषध, पॅटिसिरान, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण ते चरबीच्या थेंबात गुंडाळून देतात. फाट्यांच्या रचनांचं बरंचसं काम अजून उंदरांवरच आहे. त्या पेशीत शिरतात खऱ्या, पण पेशी त्यांना एका पिशवीत कोंडते, आणि त्यातून बाहेर निसटणारे रेणू फार थोडे. सध्या सगळी झटापट त्या पिशवीशीच चालू आहे.