मायरा बुडालं नाही, गाडलं गेलं

डिसेंबर आला की सांताक्लॉजच्या गावाचे व्हिडीओ फिरायला लागतात आणि कुठेतरी हमखास सांगितलेलं असतं की हे शहर देवाच्या कोपाने समुद्रात गेलं. गाव म्हणजे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं देमरे, म्हणजेच प्राचीन मायरा, ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला ते संत निकोलस चौथ्या शतकात इथलेच बिशप. पाण्याखालच्या पायऱ्या दाखवतात त्या शेजारच्या केकोवा बेटाच्या, तिथली जमीन भूकंपांनी खचली. मायरा नदीच्या गाळाखाली गेलं, त्यात कोप-शाप काही नाही, आणि खरं कारण कितीतरी भारी आहे.

डोंगरातून जोरात आलेली नदी सपाटीला मंदावते आणि गाळ टाकते, हे शाळेत झालंय. पण आकडे बघा. बारीक कणाचा तळाला जायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे कण दहापट लहान तर वेग शंभरपट कमी. शांत पाण्यात 1 मीटर खाली जायला 0.1 मिमीच्या वाळूच्या कणाला साधारण 2 मिनिटं लागतात, 0.01 मिमीच्या कणाला 3 तास आणि 0.001 मिमीच्या चिकणमातीला जवळजवळ 13 दिवस! मग ही माती वाहत वाहत खोल समुद्रात जायला हवी ना? पण बरीचशी मुखापाशीच बसते, कारण मीठ. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, गोड्या पाण्यात ते एकमेकांना लांब ढकलतात, खाऱ्या पाण्यातले सोडियम-मॅग्नेशियमचे धन आयन मात्र कणांभोवती दाटी करतात, त्यामुळे ते ढकलणं अगदी थोड्या अंतरातच संपतं, कण जवळ येतात, व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळ आल्यावरच जाणवणारी कणांमधली ओढ, जिंकतं आणि त्यांचे पुंजके होऊन भराभर खाली बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हाही भाराचाच खेळ असतो. बंदरं बुजतात ती अशी. मायराचं बंदर होतं अँड्रिआके, तिथे रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातलं धान्याचं कोठार अजून उभं आहे, पण समोर बंदराऐवजी दलदल.

शहरावर पुराचा गाळ चढत गेला. संत निकोलसच्या चर्चमध्ये आजही रस्त्याच्या पातळीवरून खाली उतरावं लागतं. 2009 पासूनच्या उत्खननात 13व्या शतकातलं एक छोटं चॅपल, म्हणजे लहानसं प्रार्थनाघर, मिळालं, जवळजवळ साडेपाच मीटर गाळात, आतलं भित्तिचित्र शाबूत! ऊन, वारा आणि जुन्या इमारतींचे दगड काढून नेणारी माणसं, कोणीच तिथे पोचलं नाही.

आणि याच गाळावर देमरेचा टोमॅटो आणि मिरची पिकते, सगळी सपाटी ग्रीनहाऊसनी भरलीय. उरलेलं मायरा त्यांच्याखाली आहे. जमिनीत रेडिओ लहरी सोडणाऱ्या रडारने न खणता भिंतींचा अंदाज येतो, फक्त ओली चिकणमाती या लहरी शोषून घेते, म्हणून फार खोलचं नीट दिसत नाही. माझं मत विचाराल तर शेतकऱ्यांना उठवून खणायची काहीच घाई नाही, एवढी शतकं गाळाने सांभाळलंय, अजून सांभाळेल.