गाडीत वेगळ्या पिढीचं इंजिन बसवायचंय? आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

इंजिन शोधायला निघण्याआधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, नीट वाचा. इंजिन क्रमांकाशिवाय तिच्यावर इंधन, सीसी, सिलिंडरची संख्या, उत्सर्जन मानक अशाही नोंदी असतात. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ उचलून धरला. नव्या इंजिनामुळे फक्त क्रमांक बदलणार असेल, तर परवानगीची वाट मोकळी असते. सीसी, सिलिंडर किंवा उत्सर्जन मानक बदलणार असेल, तर अर्ज अडेल हे धरूनच चाला.

गाडीचं नाव एकच आहे म्हणून फसू नका. मारुती सुझुकीची स्विफ्ट 2005 मध्ये भारतात आली तेव्हा तिचं पेट्रोल इंजिन 1298 सीसीचं होतं. 2010 मध्ये त्याच पिढीच्या गाडीत 1197 सीसीचं के-सीरीज इंजिन आलं. 2024 च्या स्विफ्टचं इंजिनही 1197 सीसीचंच, पण तीन सिलिंडरचं; के-सीरीजला चार होते. गॅरेजवाला ‘बसेल’ म्हणतो तेव्हा तो माउंटिंग आणि वायरिंगबद्दल बोलत असतो, आरसीबद्दल नाही.

उत्सर्जनाचंही तसंच. देशभर बीएस-4 (भारत स्टेज) हे उत्सर्जन मानक लागू झालं 1 एप्रिल 2017 पासून आणि बीएस-6 1 एप्रिल 2020 पासून. बीएस-6 गाडीत आधीच्या पिढीचं इंजिन घालण्याचा विचारच सोडा. उलट दिशेने, म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन घालतानाही, त्या इंजिनासोबत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), सेन्सर आणि धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यावे लागतात. सीएनजी किंवा एलपीजी किट बसवण्याची परवानगी वेगळ्या तरतुदीतून मिळते. तिचा आधार इथे चालत नाही.

अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीतल्या आरटीओकडे करायचा, आणि तोही जुनं इंजिन उतरवण्याआधी. परिवहन पोर्टलवर वाहन क्रमांक टाकून ‘वाहनातील बदल’ ही सेवा निवडता येते. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या.

सगळ्यात जास्त काळजी इंजिनाच्या कागदांची घ्या. नवं असेल तर इंजिन क्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल पुरतं. जुनं असेल तर ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विकणाऱ्याचं बिल मागा. ती गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर तपासता येतं. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी घेऊ नका. पुढे चौकशी तुमचीच होते.

मंजुरीनंतर इंजिन बसवलं की चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून, शुल्क भरून आरसीवर नोंद करून घ्यायची. गाडी तपासणीला न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदांशी ताडून पाहतात. किमान दहा व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला राज्य सरकार त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलण्याची मुभा देऊ शकतं, मात्र चौदा दिवसांची अट त्यालाही आहे.

नियमबाह्य बदलाला कलम 182अ नुसार प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

नवी आरसी हाती आली की विमा कंपनीकडे जाऊन पॉलिसीवरचा इंजिन क्रमांकही बदलून घ्या. अपघातानंतर दाव्याच्या वेळी तो जुळवला जातो. गाडीचं वय मात्र पहिल्या नोंदणीपासूनच मोजलं जातं. खासगी गाडीची पंधरा वर्षांची मुदत नव्या इंजिनामुळे वाढत नाही.