मामांचा चमचा आणि टाउबची माकडं

गेल्या चवथीच्या आधी फोंड्याला आमच्या मामांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात नंतर थोडाफार हलायला लागला, तरी पेज डाव्या हातानंच, नाहीतर मामी भरवणार. सगळे म्हणायचे, मामांनी मनच सोडलंय.

हे मन सोडणं नेमकं काय, त्याचा शोध माकडांपासून सुरू होतो. १८९५ मध्ये मॉट आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी माकडाच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या, हात लुळाच राहिला, म्हणून संवेदना नाही तर हालचाल नाही असं ठरलं आणि पुढं कित्येक वर्षं तेच चाललं. मग एडवर्ड टाउब या अमेरिकन संशोधकानं अशाच माकडाचा चांगला हात बांधून ठेवला, तर माकड तोच 'मेलेला' हात वापरायला लागलं! त्याचं म्हणणं असं की सुरवातीला हात खरंच चालत नाही, प्रत्येक वेळी फजिती होते, माकड नाद सोडतं, आणि पुढं हात सुधारला तरी ते ट्रायच करत नाही. म्हणजे न वापरायची सवय लागते. (१९८१ मध्ये त्याच्या लॅबवर पोलिसांची रेड पडली, प्राण्यांच्या हालांवरून केस झाली, तो वाद वेगळाच आणि मोठा.)

माणसांत हेच जाड हातमोजा घालून केलं, तोही चांगल्या हातात. २००६ ला अमेरिकेतल्या, अंगावरून वारं गेलेल्या २२२ पेशंटांच्या ट्रायलचा रिझल्ट आला: दोन आठवडे हातमोजा आणि कसून सराव, फायदा वर्षभरानंतरही टिकलेला.

यंत्रंही तोवर आली होती. १९६१ मध्ये लिबरसन नावाच्या डॉक्टरनं बुटात स्विच बसवला, टाच उचलली की नसेला करंट आणि लोंबणारं पाऊल वर. अमेरिकेतल्या एमआयटी या इन्स्टिट्यूटमध्ये होगन आणि क्रेब्स यांनी केलेला रोबो मला जास्त आवडतो, स्क्रीनवरच्या टिंबाकडं हँडल न्यायचं, पेशंट अडला तरच मशीन हात पुढं ढकलणार, म्हणजे दरवेळी फजिती नाही आणि आयतंही नाही.

आमच्याकडं रोबो कुठला. फिजिओवाल्या मुलीनं चमच्याच्या दांड्यावर क्रिकेट बॅटची रबरी ग्रीप चढवून दिली, जाड दांडा मुठीत बसतो एवढंच. पहिल्या दिवशी अर्धी पेज लुंगीवर सांडली. मामी पुसायला धावली तर मामा ओरडले, "राहू दे गो, अजून संपली नाय!"