मुलांच्या छातीतील व्यंगावर शस्त्रक्रिया : ठाण्यातील पालकांसाठी अर्ज आणि कागदपत्रे

छातीचे मधले हाड आत दबलेले असणे, ते पुढे आलेले असणे, किंवा पोलंड सिंड्रोममध्ये एका बाजूचा छातीचा स्नायू नसणे आणि त्याच बाजूच्या स्तनाची वाढही खुंटणे, ही व्यंगे शाळेतल्या आरोग्य तपासणीत लक्षात येऊ शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथकात महिला डॉक्टर असतात, त्यामुळे मुलगी संकोचत असेल तर त्यांच्याकडूनच तपासणी करून घ्यावी. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी जपून ठेवावी, कारण पुढचा प्रवास तिच्यापासून सुरू होतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार करावा. योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, शिधापत्रिका, मुलाचे आधार कार्ड आणि डॉक्टरांचे कागद द्यावे लागतात. शिधापत्रिकेवर मुलाचे नावच चढवलेले नाही, ही अडचण अनेक घरांत ऐन वेळी समोर येते. शिधावाटप कार्यालयातील हे काम दाखल होण्याआधीच उरकून घ्यावे. नियोजित शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसते का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

खरे महत्त्व वैद्यकीय अहवालांना आहे. केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया, महाराष्ट्रात फुले योजनेसोबतच राबवल्या जाणाऱ्या, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत बसत नाही, म्हणून धाप लागणे, छातीत दुखणे, हृदयावर येणारा दाब अशा तक्रारी डॉक्टरांच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. दबलेल्या छातीसाठी सीटी स्कॅनवरून छातीची रुंदी भागिले खोली असा हॅलर निर्देशांक काढतात, तो ३.२५ च्या वर असणे हा शस्त्रक्रियेच्या निकषांपैकी एक मानला जातो. सोबत इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुफ्फुसक्षमतेची चाचणी जोडावी. धातूची ॲलर्जी असल्यास तीही आधीच सांगावी, कारण डॉ. नस (Nuss) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दबलेले हाड उचलण्यासाठी छातीत धातूची पट्टी बसवतात. पुढे आलेल्या छातीला वाढत्या वयात अनेकदा बाहेरून बांधायचा पट्टाच पुरतो, आणि तिथे शस्त्रक्रियेची घाई करू नये असे मला मनापासून वाटते.

स्तनाची पुनर्रचना सहसा वाढ पूर्ण झाल्यावर करतात, तरी पहिली नोंद १८ वर्षांच्या आतच करून ठेवावी. अल्पवयीन मुलाच्या संमतीपत्रावर पालकांची सही लागते.

धातूची पट्टी साधारण दोन ते तीन वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढतात. तिची मंजुरी वेगळी घ्यावी लागेल का, हे घरी सोडण्यापूर्वीच आरोग्यमित्राला विचारावे आणि डिस्चार्ज कार्डावर पट्टी बसवल्याची तारीख लिहून घ्यावी.