पोटाची फट की बेंबीचा हर्निया?

बाळंतपणाला चार-पाच महिने होतात, वजनही बऱ्यापैकी उतरतं, पण अंथरुणातून उठताना पोटाच्या मधोमध काहीतरी वर येतं. काहीजणी त्याला हर्निया समजून वाकणं-उचलणंच सोडून देतात. काहीजणींना खरोखरच हर्निया असतो, पण ‘स्नायू सैल झालेत, व्यायामाने जाईल’ म्हणून त्या महिनोन्‌महिने व्यायाम करत राहतात. पहिल्या चुकीने पोटाची उरलीसुरली ताकदही जाते. दुसऱ्या चुकीने एखाद्या दिवशी आतडं अडकू शकतं.

पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी तंतूंची पांढरी पट्टी मधोमध वरपासून खालपर्यंत जाते. तिला लिनिया अल्बा म्हणतात. गर्भाशय वाढतं तशी ही पट्टी रुंद आणि पातळ होते, स्नायू बाजूला सरकतात. हेच डायस्टॅसिस. शेवटच्या महिन्यांत ते जवळजवळ प्रत्येकीला होतं, त्यामुळे तेव्हा त्याला आजार म्हणण्यात अर्थ नाही. बाळंतपणानंतर फट सर्वांत भराभर कमी होते ती पहिल्या 8 आठवड्यांत. पुढे वेग मंदावतो. त्यानंतरही स्नायूंमधलं अंतर 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त राहिलं, तर साधारणपणे डायस्टॅसिस धरतात.

हर्नियात याच पट्टीला आरपार भोक असतं. बेंबीपाशी नाळेची वाट असल्याने ती जागा मुळातच कच्ची. तिथून पोटातली चरबी आणि कधी आतड्याचं वेटोळं बाहेर डोकावतं. थोडक्यात, डायस्टॅसिस म्हणजे विरलेलं कापड आणि हर्निया म्हणजे भोक पडलेलं कापड. विरलेल्या कापडात काही अडकत नाही. भोकाला मात्र काठ असतो आणि त्या काठात आतडं आवळलं जाऊ शकतं. पुढचे सगळे फरक यातूनच येतात.

आधी आकार पाहा. डायस्टॅसिसचा फुगवटा लांबट असतो: छातीच्या हाडाखालून बेंबीकडे, कधी तिच्याही खाली, उलट्या होडीच्या कण्यासारखा उभा कंगोरा येतो. तो डोकं उचलताना दिसतो आणि डोकं टेकलं की जातो. सहसा दुखत नाही. हर्नियाची गाठ गोलसर आणि एकाच जागी असते, बहुधा बेंबीत किंवा तिच्या लगत. ती उभं राहिल्यावर, खोकल्यावर, शौचाला जोर केल्यावर ठळक होते. आडवं झाल्यावर बरेचदा आत जाते. तिच्यावर बोट ठेवून खोकलं तर बोटाला धक्का जाणवतो. त्या जागी टोचल्यासारखं किंवा ओढ लागल्यासारखं दुखणंही हर्नियाकडे बोट दाखवतं.

घरच्या घरी फट मोजायची तर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, पावलं जमिनीवर टेकवा. एका हाताची बोटं टोकं पायांकडे करून, एकमेकांना लागून बेंबीवर ठेवा, म्हणजे ती फटीच्या रुंदीत बसतील. श्वास सोडत फक्त डोकं आणि खांद्यांचा वरचा भाग उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा घट्ट होतील; मध्ये किती बोटं मावतात ते बघा. मग बेंबीच्या 4-5 सेंटिमीटर वर आणि तितकंच खाली तेच करा. रुंदीइतकीच खोलीही महत्त्वाची. बोटांखालची पट्टी ताणलेल्या चामड्यासारखी लागली, तर दोन बोटांची फटही फारशी चिंतेची नसते. बोटं लोण्यात जावीत तशी आत गेली, तर पट्टीला ताण धरता येत नाही असं समजा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पूर्ण उठून बसणं. जितकं वर उठाल तितक्या स्नायूंच्या कडा जवळ येतात आणि फट आहे त्यापेक्षा लहान भासते. श्वास रोखला तर पोट वर ढकललं जातं आणि अंदाज चुकतो. बोटांच्या मापात एक-दोन सेंटिमीटरची चूक सहज होते. नक्की आकडा हवा असेल किंवा गाठीची शंका असेल तर सोनोग्राफी करावी, आणि ती करताना जोर करायला लावतात का ते पाहावं. नुसतं शांत झोपवून तपासलं तर छोटा हर्निया नजरेतून निसटू शकतो.

डायस्टॅसिसवर पहिला इलाज फिजिओथेरपीच. सुरुवात श्वासापासून: श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलू द्यायच्या, सोडताना पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू) वर ओढून ओटीपोट हलकेच आत घ्यायचं आणि 5 ते 10 सेकंद तसंच धरायचं. ते जमलं की टाच जमिनीवरून सरकवणं, कंबर उचलणं, हातापायांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं. ‘क्रंच (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलण्याचा व्यायाम) अजिबात नको’ हा जुना नियम आता तितका पक्का राहिलेला नाही. डोकं उचलण्याच्या क्षणी कडा जवळच येतात. पाहायचं एवढंच, की मधला कंगोरा उठतो का. उठत असेल तर तो व्यायाम त्या आठवड्यापुरता जड आहे, एक पायरी मागे या. सिझेरियन झालं असेल तर श्वासाच्या पायरीपुढे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि खरं सांगायचं तर व्यायामाने फट पूर्ण मिटेलच असं नाही. ताकद आणि पट्टीचा ताण यांत फरक पडतो, रोजची कामं सोपी होतात, आणि आमच्या मते यश त्यावरच मोजावं. पोटाच्या पट्ट्याने आधार मिळतो, फट भरत नाही. तो फार आवळला तर दाब खाली पेल्विक फ्लोअरवर जातो.

प्रौढांच्या हर्नियाचं भोक मात्र व्यायामाने बुजत नाही. तान्ह्या बाळांचा बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा आपोआप बंद होतो, त्यामुळे आईचाही होईल असा समज होतो, पण तसं घडत नाही. इलाज शस्त्रक्रिया: टाके घालून किंवा जाळी बसवून. गाठ अचानक कडक झाली, आत जाईना, खूप दुखू लागली, त्वचा लाल किंवा काळपट झाली, उलट्या सुरू झाल्या, तर ती दाबत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.

दोन्ही एकत्र असणंही नवलाचं नाही, कारण विरलेल्या पट्टीतच भोक पडणं सोपं. अशा वेळी फक्त भोक शिवलं आणि आजूबाजूची पट्टी तशीच पातळ राहिली, तर हर्निया पुन्हा होण्याची शक्यता वाढते. म्हणून शस्त्रक्रियेआधी फट किती आहे हे सर्जनला मोजायला सांगा. पुढचं मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा: लहान, त्रास न देणाऱ्या हर्नियाची ठरवून करायची शस्त्रक्रिया अनेकदा शेवटच्या बाळंतपणानंतर ठेवतात.