प्रथिनांवरची साखरपेरणी

मधुमेहाची तपासणी केलेल्या माणसाला एचबीए१सी हे नाव सांगावं लागत नाही. रक्तात साखर वाढली की ती हिमोग्लोबिनला आपसूक चिकटते आणि किती चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब लागतो. तिथे चिकटवणारं कुणी नसतं. इथे ज्या साखरेबद्दल लिहितोय, ती मात्र एक एन्झाइम प्रथिनावर जागा हेरून लावतं आणि दुसरं एन्झाइम ती काढून घेतं.

प्रथिनांवर साखर जोडली जाते हे जुनंच ज्ञान. पण ती पेशीबाहेर निघालेल्या किंवा पेशीपटलावर बसणाऱ्या प्रथिनांना, आंतरद्रव्यजालिका आणि गॉल्जी पिंड या बंद दालनांत, लांबलचक साखळ्यांच्या रूपात जोडली जाते, अशी समजूत होती. पेशीद्रव आणि केंद्रकातली प्रथिनं जवळपास कोरीच असणार, हे गृहीतच धरलेलं.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्मेन-रोझा टोरेस आणि जेराल्ड हार्ट उंदराच्या लसिकापेशींवर काम करत होते. पेशीच्या पृष्ठभागावर एन-ॲसिटिलग्लुकोसामीन ही शर्करा कुठे उघडी आहे, ते त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी गाईच्या दुधातलं एक एन्झाइम वापरलं. (स्तनग्रंथीत दुधातली लॅक्टोज घडवण्यात याच एन्झाइमचा हात असतो.) ते या शर्करेवर गॅलॅक्टोज ही दुसरी शर्करा चढवतं, आणि ही गॅलॅक्टोज किरणोत्सारी घेतली की जिथे ती चढेल ती जागा सापडते. अखंड पेशीत हे एन्झाइम शिरू शकत नाही, म्हणजे खूण बाहेरच उमटायला हवी. पण डिटर्जंटने पेशी फोडल्यावर खुणा कितीतरी वाढल्या. बहुतेक साखर आतच होती! आणि तीही साखळीत नाही, सुटी, एकेकटी.

इतकी वर्षं ती दिसली कशी नाही? ही साखर विद्युतभाररहित आणि चिमुकली, प्रथिनाच्या वजनात जेमतेम २०३ डाल्टनची (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) भर घालणारी. त्यामुळे प्रथिनं आकारमान आणि विद्युतभारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर प्रथिनाची जागा फारशी हलत नाही. त्यात पेशी फोडली की तिच्यातलीच काही एन्झाइम मोकळी होऊन ही साखर खुडून टाकतात. शोधायला जावं तर पुरावा नष्ट.

ती लावणारं एन्झाइम म्हणजे ओजीटी, काढणारं ओजीए. प्रथिनांवर अशीच लावली-काढली जाणारी दुसरी खूण म्हणजे फॉस्फेट. ते लावणारी एन्झाइम माणसात पाचशेच्या वर आहेत. इथे मात्र हजारो प्रथिनांसाठी लावणारं एक आणि काढणारं एक. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. उंदरात ओजीटीचं जनुक काढून टाकलं तर गर्भ जगत नाही. या एन्झाइमच्या एका टोकाला ३४ अमायनो आम्लांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो आणि त्याचा मळसूत्रासारखा पिळदार पन्हाळ तयार होतो. येणारं प्रथिन या पन्हाळात पकडलं जातं. २०११ मध्ये स्फटिकरचना मिळाली तेव्हा पुढचा क्रमही दिसला: आधी साखरेचा वाहक रेणू खोबणीत बसतो, प्रथिनाचा धागा त्याच्यावर आडवा येतो आणि मग साखर त्या धाग्यातल्या सेरीन किंवा थ्रिओनीन या अमायनो आम्लावर सरकते.

हा वाहक रेणू, यूडीपी-ग्लिकनॅक (ग्लिकनॅक म्हणजे एन-ॲसिटिलग्लुकोसामीनचंच छोटं नाव), बनायला ग्लुकोज लागतं, ग्लुटामीन हे अमायनो आम्ल लागतं, मेद जाळतानाही मिळणारं ॲसिटिल-कोए आणि यूटीपी हे न्यूक्लिओटाइडही लागतं. म्हणजे कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिओटाइड या चारही कोठारांत काय शिल्लक आहे, ते या एका रेणूच्या साठ्यात उतरतं. पेशीची चंगळ चालली आहे की उपासमार, याची चव ओजीटीला अशी कळते. शिवाय ज्या सेरीनवर साखर बसली, तिथे फॉस्फेटला जागा उरत नाही. अल्झायमरमध्ये फॉस्फेटच्या ओझ्याने गुठळ्या धरणाऱ्या टाऊ प्रथिनावरही ही साखर बसते. म्हणूनच ओजीएला रोखून ती टिकवता येईल का, याच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत.

वनस्पतींनी वेगळाच घोळ घातला. त्यांच्यातलं स्पिंडली हे प्रथिन ओजीटीचं भावंड, म्हणून तेही हीच साखर लावत असणार असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१७ मध्ये कळलं की ते फ्यूकोज ही वेगळीच शर्करा लावतं.

जीवाणूंनी तर या कलेचं हत्यार केलं. अँटिबायोटिक्सनंतर काहींना जुलाबाने हैराण करणारा क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल घ्या. त्याच्या विषाचा एक तुकडा आतड्याच्या पेशीत उतरतो आणि ऱ्हो नावाच्या प्रथिनाच्या ३७ व्या जागेवरच्या थ्रिओनीनला ग्लुकोजचा एक रेणू डकवतो. पेशीचा सांगाडा सावरणारं हे प्रथिन तेवढ्याने निकामी होतं आणि पसरून बसलेली पेशी आकसून गोल होते. विष जीवाणूचं, ग्लुकोज मात्र त्या पेशीच्याच साठ्यातलं.